पाहुण्यांसाठी धुतलेला डोंगा

आमच्या ताईचं सासर वैनगंगेच्या पोटात होतं. लोकांना खोटं वाटतं, पण बालाघाटकडच्या खैरलांजीच्या अंगाला नदी एके ठिकाणी दोन पाटांत फुटते आणि मधे जी जमीन राहते तिला सगळे टापूच म्हणत. टापूवर थोडीशी घरं, सगळी आमच्यासारखी दीक्षा घेतलेली, आणि घरांच्या भोवती धानाच्या बांधी, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता यायचं. आषाढ लागला की दिवाळीपर्यंत डोंग्याशिवाय गती नाही. डोंगा म्हणजे तिथली लाकडी होडी. ती ताईचे सासरे चालवायचे. ताई त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून मीही मामाजीच म्हणायची.

मामाजींचा एक नियम होता आणि तो सगळ्या टापूनं मानलेला होता: पाहुणा पहिले, घरचं मागून. घाटावर टापूचीच माणसं ताटकळत उभी असली आणि त्यात एखादा परका आला, मग तो बांगड्या विकणारा का असेना, तर परका आधी पार व्हायचा. डोक्यावर ओझं घेतलेली घरची सून थांबायची. कुणी कुरकुर करत नसे. "आपल्या इथं येते कोन, आन् आला त्याले घाटावर उभं ठेवाव का?" असं मामाजी म्हणायचे. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. सांगायची चोरी कशाला, चारचौघींत मी फुशारकीनं सांगायची.

साठ-पासष्टच्या मधल्या एका श्रावणात पूर आला. मी तेव्हा बालाघाटला प्राथमिक शाळेत शिकवत होते. बातमी कळली आणि मी वारासिवनीची बस धरली. पुढे चिखलातून पायपीट केली, आणि घाटावर पोचले तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. टापूवरची माणसं सगळी जिवंत होती, कारण आत्याबाईंनी, म्हणजे ताईच्या सासूनं, शिव्या घालघालून सगळ्यांना मोहाच्या झाडाखालच्या उंचवट्यावर चढवलं होतं. भिंती बसल्या होत्या. बकऱ्या गेल्या, कोंबड्या गेल्या, दोन डोंग्यांतला एक डोंगा गेला. नदी भरलेली होती तोवर सरकारचं चिटपाखरू फिरकलं नाही. काठावरच्या गावानं आपल्या घरचा भात शिजवून उरलेल्या डोंग्यातून धाडला, त्यावर सगळे जगले. त्या गावाचं नाव कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही.

पाणी उतरल्यावर बांधी जागच्या जागी दिसल्या, पण पऱ्हे वाहून गेले होते. भाताची रोपं आधी एका कोपऱ्यात दाट उगवतात, त्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो. ती उपटायची आणि चिखल केलेल्या बांधीत एकेक करून लावायची, तो रोवणा. पऱ्हेच नाहीत तर बांधी म्हणजे नुसता चिखल. आणि रोवणा पोळ्याच्या आत झाला पाहिजे. पोळ्यानंतर लावलेलं धान भरत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पोळा तर तोंडावर आला होता.

ताईच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. तिचा नवरा मॅंगनीजच्या खाणीवर होता आणि तिला पोरं घेऊन तिकडेच बोलवत होता. एका उन्हाळ्यात ती गेली होती, डोक्यावर दगडाची टोपली वाहून आली होती. खोकला घेऊन परतली. "धान झालं तं मी इथं," ती मला म्हणाली, "नाही झालं तं खान. मधलं काई नाही." ताई मोजून बोलणारी बाई. एवढं बोलली म्हणजे तिनं रात्र रात्र विचार केला असणार.

आमच्या भागात पऱ्हे विकत नाहीत. ज्याचे उरतात तो बांधीचा एक कोपरा न उपटता ठेवतो, आणि ज्याचे गेले तो येऊन स्वतःच्या हातानं उपटून नेतो. काठावरच्या गावानं या वर्षी कोपरेच नाही, अर्ध्या अर्ध्या बांधी राखल्या होत्या. "घेऊन जा वो बाया," त्यांची म्हातारी म्हणाली, "आमचे गेले असते तं आमी आलोच असतो तुमच्या दारात." टापूवरच्या बाया उजाडताच पार आल्या. ताई सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली. मीही पदर खोचला. दिवसभर उपटलं. प्रत्येक घरची गाठ वेगळी असते, पेंढी बांधली की कुणाची ते कुणीही ओळखतं. ताईची गाठ दुहेरी. दिवस मावळताना घाटावर पेंढ्यांचा हिरवागार ढीग लागला. ढिगात ताईचा वाटा सगळ्यात खाली होता, कारण तिच्या पेंढ्या सगळ्यात आधी आल्या होत्या.

आणि डोंगा बंद.

दुपारी आम्ही चिखलात असताना ब्लॉकचे, म्हणजे सरकारी विकास कचेरीचे, साहेब जीपनं येऊन मामाजींना सांगून गेले होते. परदेशातली एक मोठी संस्था, पूर-वादळानं नागवलेल्या बेटांवरच्या लोकांना मदत करणारी, तिचे पाहुणे उद्या टापूवर येणार होते. डोंगा धुऊन पुसून तयार ठेवायचा, त्यात चिखलाचं काही भरायचं नाही. मामाजींनी मान डोलावली होती. आम्ही पोचलो तेव्हा ते डोंग्याचा तळ भुशानं घासत होते.

"मामाजी, एक खेप तं होऊ द्या," ताई म्हणाली.

"एक खेप म्हनता म्हनता रात होते. आन् पुन्हा धुवा लागते. उद्या सकाळीच येऊन राह्यले ते. ते पार झाले का मंग तुह्याच पेंढ्या पहिले."

"पेंढी उपटलेली हाय, मामाजी."

"पाहुना पहिले, सूनबाई."

बायांना तेवढं पार करून डोंगा पुन्हा धुतला. पेंढ्या काठावर राहिल्या.

सकाळी पाहुणे आले नाहीत. साहेब आले, चपराशी आला, आंब्याच्या पानांचं तोरण आलं आणि ते डोंग्याच्या नाकाला बांधलं गेलं. रस्त्यावरून जीप दिसली की सगळे उठून उभे राहत. दुपारी कळलं, पाहुणे बालाघाटच्या सर्किट हाऊसवर जेवायला थांबलेत, उद्या येतील. ऊन असं पडलं होतं की वाळू पायाला चटके देत होती. पेंढ्या पाण्यात ठेवाव्यात तर पाटाला अजून ओढ, वाहून जातील. सकाळी डोंग्यासोबतच पार आलेली ताई लोटा लोटा पाणी आणून ढिगावर शिंपडत होती. वरच्या पेंढ्या ओल्या राहत होत्या, पण पऱ्ह्यांचा ढीग आतून तापतो. तिनं एकदा कोपरापर्यंत हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. मग तिनं खालच्या पेंढ्या उपसून वाळूवर पसरायला घेतल्या.

चपराशी धावत आला. पाहुण्यांच्या वाटेत घाण पसरू नका म्हणाला, आणि उपसलेल्या पेंढ्या त्यानं परत ढिगाखाली कोंबल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. आई म्हणायची, या पोरीची जीभ विळ्याच्या धारेची आहे. त्या दिवशी ती कामाला आली नाही, तर काय उपयोग. हिंदीत सांगितलं. पेंढ्या काय आहेत, रोवणा काय आहे, एक दिवस गेला तर काय जातं, सगळं.

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "देखिए बहनजी, एक-दो दिन में घास मर थोड़े ही जाती है."

घास! दोन्ही वेळा भात खाणारा माणूस. बालाघाटात राहून धानाच्या रोपाला घास म्हणतो.

"तुम्ही एक रात्र तव्यावर बसा," मी मराठीतच बोलले, "मग मला सांगा माणूस मरतो का."

त्यांना समजलं. मराठी त्यांना चांगली समजायची. "आप तो सरकारी स्कूल में हैं ना?" एवढंच ते म्हणाले, आणि मग मला काम दिलं. टापूच्या पोरांना स्वागताचं गाणं शिकवायचं आणि बायांना हिंदीत एक वाक्य शिकवायचं: आपकी मदद के लिए हम आभारी हैं. अजून काडीची मदत मिळाली नव्हती, आभार आधी पाठ करायचे होते.

मी शिकवलं नाही. पोरांना म्हटलं, पाढे म्हणा.

संध्याकाळी ताईनं पुन्हा मामाजींना विचारलं. आता ते चिडले. पाहुण्यांसमोर टापूची अब्रू जाईल, म्हणाले. एवढ्या दुरून, समुद्र ओलांडून माणसं येतात, आणि आपण त्यांना चिखलात बसवायचं? आत्याबाई चुलीपाशी होत्या. तिथून ओरडल्या, "तो साहेब आपल्या घरचं पानी तं पेत नाही, आन् डोंगा पाह्यजे धुतलेला!" मामाजी पुन्हा डोंगा पुसायला गेले. त्यांना खरंच वाटत होतं की ते काहीतरी चांगलं करताहेत. हेच मला सोसत नाही. साहेब लबाड होता, लबाडाशी भांडता येतं. या सज्जन माणसाशी कुठं भांडायचं?

तिसऱ्या दिवशी आले एकदाचे. एक उंच गोरा माणूस, एक गोरी बाई, टोपी घातलेली, आणि नागपूरहून आणलेला दुभाष्या. मामाजींनी हात देऊन एकेकाला डोंग्यात बसवलं. साहेब त्यांच्याबरोबर. मागून दोन खेपांत खोकी. टापूवर मोहाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली होती. बायांना ओळीनं खाली बसवलं, उन्हात.

मग खोकी उघडली. काय निघालं म्हणता? दुधाची भुकटी निघाली, ती निदान ओळखीची होती. लोकरीचे कोट निघाले, श्रावणात. दोरखंडासारख्या जाड सुताची जाळी निघाली, तिच्या भोकातून वैनगंगेतला मोठ्यात मोठा मासा नमस्कार करून निघून जाईल. आणि पत्र्याचे डबे, शेकड्यानं. दुभाष्यानं अभिमानानं सांगितलं, यात मासे आहेत. शिजवलेले, तेलातले.

क्षणभर कुणाला कळेना. मग एक म्हातारी तोंडावर पदर धरून हसायला लागली. "माय वो! गंगेच्या पोटात आनून मासोऱ्या देल्ल्या!" सगळ्या बाया हसल्या. गोऱ्या बाईला वाटलं, आनंद झाला. तीही हसली. दुभाष्याला मी विचारलं तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला की कुठल्याशा समुद्रातल्या बेटांवर वादळ झालं होतं, तिथलं उरलेलं सामान इकडे वळवलं. बेट ते बेट. मी त्याला म्हटलं, "एकदा विचारायचं तरी, काय पाहिजे म्हणून." तो म्हणाला, "विचारण्याची पद्धत नाही."

साहेबांचं भाषण सुरू झालं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसा हा माणूस, दुसऱ्याचे डबे वाटताना छाती फुगवून बोलत होता. ताई ओळीतून उठली आणि मामाजींकडे गेली. ते हात जोडून सतरंजीच्या कडेला उभे होते.

"मामाजी, आता तं पार झाले ना ते. आता जाऊ द्या."

मामाजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भाषण न थांबवता हातानं नाही म्हटलं. पाहुणे कधीही निघतील, डोंगा तयार ठेवा.

तेव्हा आत्याबाई उठल्या. सगळ्यांच्या देखत, नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. साहेबांचं भाषण आपोआप थांबलं.

"पाहुना पहिले म्हनता ना तुमी?" त्या म्हणाल्या. "झाला पहिले. आला, बसला, डबे देल्ले त्यानं. आता पाळी घरच्याची हाय. हा तुमचाच नियम हाय का मी बनवला? उचला बांबू, नाहीतं मी उचलतो."

मामाजींचं तोंड उतरलं. मग ते वळले, घाटाकडे चालायला लागले, आणि त्यांच्यामागे ओळीतल्या झाडून सगळ्या बाया उठल्या. सतरंजीसमोर फक्त डबे राहिले. साहेब "अरे, अरे" करत धावले आणि घाटाच्या चिखलात त्यांचा बूट रुतला तो रुतलाच.

गोऱ्या बाईनं दुभाष्याला काहीतरी विचारलं. साहेबांनी तिथूनच ओरडून हिंदीत उत्तर दिलं, आणि दुभाष्यानं ते तिच्या भाषेत केलं. बाया पाहुण्यांसाठी फुलं आणायला गेल्यात, असं! मी दुभाष्याच्या समोर जाऊन म्हटलं, खरं सांगा. त्यांची रोपं मरताहेत, तुमच्यामुळे मरताहेत, हे सांगा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि गोऱ्या बाईच्या मागे जाऊन उभा राहिला. गोरी बाई जाणाऱ्या डोंग्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. तिचा दोष नाही म्हणतात. नसेल. पण इतक्या दुरून मदत करायला आलेल्या माणसानं बायांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहायला नको?

मी दुसऱ्या खेपेला पार गेले. ढीग उकरणं चाललं होतं. वरच्या पेंढ्या निस्तेज पण जिवंत होत्या. मधल्या पिवळ्या. खालच्या पेंढ्यांतून वाफ येत होती, आंबलेल्या शिळ्या भातासारखा वास, आणि हात लावला की रोपं बोटांना चिकटून येत. खालच्या सगळ्या पेंढ्यांना दुहेरी गाठ होती. जी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली, तिचंच सगळ्यात जास्त गेलं. आळशी बायकांच्या पेंढ्या वर होत्या, त्या वाचल्या. याला काय म्हणायचं? मला कुणी न्याय-बियाय शिकवू नका.

प्रत्येकीनं आपल्यातल्या चार-दोन पेंढ्या ताईला दिल्या. काठावरच्या गावानं आणखी एक कोपरा उपटू दिला, त्यातलं सगळ्यांना थोडं थोडं आलं. डोंगा चिखलानं भरला, तोरण तुटलं. पाहुणे संध्याकाळी त्याच चिखलात बसून परत गेले. एवढाच काय तो मला आनंद.

ताईनं मिळालेली रोपं एका कोपऱ्यात लावली. आणि मग, मी नको नको म्हणत असताना, ती नासलेल्या पेंढ्या घेऊन उरलेल्या बांधीत उतरली. एकेक रोप वेगळं करून, ओळीत, जसं चांगलं लावतात तसं. आत्याबाई बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर बसून बघत होत्या. "लावू दे तिले," त्या मला म्हणाल्या. पोळ्याच्या दिवशी ती बांधी वरून पाहिली तर सगळं आडवं झालेलं होतं, पाण्यावर काळी चिपाडं तरंगत होती.

ब्लॉककडून घरं बांधून मिळणार होती, ती टापूला मिळाली नाहीत. पाहुण्यांचा अपमान केला म्हणून. डबे मात्र कुणी परत नेले नाहीत.

दिवाळीनंतर, इतरांच्या बांधीत धान पिवळं झालेलं असताना, ताई निघाली. मी शाळेला सुट्टी टाकून आले होते. गाठोडं, दोन पोरं, एक कळशी. घाटावर दुसरं कुणी नव्हतं. मामाजी डोंगा घेऊन उभे होते. पूर ओसरल्यापासून ते खूप कमी बोलत. पलीकडे उतरल्यावर ताईनं वाकून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "मामाजी, तुमचा काई दोष नाही. मनाले लावून घेऊ नोका." खरं सांगते, माझी ताई देवमाणूस. ती पोरांना घेऊन बसच्या वाटेला लागली, मी चपलेतली वाळू झटकायचं निमित्त करून मागे रेंगाळले, कारण मला तसं म्हणता येत नव्हतं आणि खोटं बोलायचं नव्हतं.

मामाजी बांबूला टेकून उभे होते. "तुले माहा राग हाय का, पोरी?"

"हौ," मी म्हटलं. "हाय."

मला वाटलं, ते काहीतरी समजावतील. वडीलधारे समजावतात तसं. त्यांनी मान हलवली आणि वाटेवरच्या ताईकडे पाहत म्हणाले, "राहू दे. जाऊ देऊ नोको. तिले तं येतच नाही राग. एवढी पोरगी गेली आमची, कोनाले तं राग पाह्यजे."